उघड्या तोंडाची पेटी

ज्या वस्तूला कुलूप लावता येते तिचे रक्षण करणे फारसे अवघड नसते. दागिने तिजोरीत, धान्य कोठीत, गाय गोठ्यात. दाराला कडी, कडीला कुलूप आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला, एवढे झाले की माणूस सुखाने झोपतो. दिवाळीच्या दिवसांत चकल्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला की मुलांच्या हातून तो चार दिवस तरी वाचतो. परंतु जगात काही वस्तू अशा आहेत, की तोंड उघडे ठेवणे हाच त्यांचा धर्म. पाणपोईचा रांजण, गावची विहीर, धर्मशाळेचे दार आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली पोस्टाची तांबडी पेटी. या पेटीचे तोंड बंद केले तर ती सुरक्षित राहील, पण मग ती पेटीच राहणार नाही. तोंड उघडे ठेवले तर ती कामाची, पण मग येणाराजाणारा कोणीही तिच्यात काहीही टाकू शकतो. अशा वस्तूचे रक्षण कसे करावे, कोणी करावे आणि किती कठोरपणे करावे? प्रश्न दिसायला पोस्टखात्याचा आहे; विचार करू लागले म्हणजे तो आपल्या साऱ्या सार्वजनिक जीवनाचा आहे असे ध्यानात येते.

मढसारख्या गावात तो अधिकच ठळकपणे दिसतो. मढ हे मुंबईत आहे आणि नाहीही. वेसाव्याच्या धक्क्यावरून होडीत बसले की काही मिनिटांत मढचा काठ लागतो. रस्त्याने यायचे तर मालाड, मार्वे, आक्सा, एरंगळ असा मोठा वळसा. मध्ये खाडी असली तरी टपालाने हे दोन्ही काठ एकत्र बांधले आहेत. वेसावे आणि मढ यांचा पिनकोड एकच, ४०००६१. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि नाटककार होते. दिवसा पत्रांना वाटा दाखवायच्या आणि रात्री देवभाषेत नाटके लिहायची, असा त्यांचा संसार. पत्र बिनचूक पोहोचावे म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातल्या गावाला आकडा देणे हे एक टोक, आणि ते पत्र ज्या क्षणी माणसाच्या हातातून सुटते त्या क्षणी त्याला झेलणारी रस्त्यावरची पेटी हे दुसरे टोक. पहिल्या टोकाला बुद्धी लागली. दुसऱ्या टोकाला काय लागते, तेच पाहायचे आहे.

मढला पेटी उभी करायची तर पहिला शत्रू समुद्र. येथला खारा वारा लोखंड खातो. सुकी मासळी वाळत घालण्याच्या वलांडीचा बांबू पावसाळे काढतो, पण शेजारचा खिळा दोन वर्षांत तांबडी भुकटी होऊन हातात येतो. म्हणून खांब जमिनीत पुरताना भोवती काँक्रीटचा गड्डा करावा लागतो, आणि त्याचे डोके जमिनीपेक्षा थोडे वर, चारी बाजूंना उतरते ठेवावे लागते. नाहीतर पाणी खांबाच्या मुळाशी साचते आणि पेटी वरून ठणठणीत दिसत असतानाच खालून कुजते. तांबडा रंग देण्याआधी गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा लागतो. पावसाळ्यात झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पेटीचे तोंड त्या बाजूला नको. आणि तोंडावर पुढे आलेला लहानसा छज्जा हवा, म्हणजे पत्रावरची शाई फुटत नाही. बशीची चाके आणि टेम्पोची मागची फळी यांपासून पेटी दोन हात आत हवी. इतकी उंच नको की पाचवीतल्या मुलाला टाचा उंचावाव्या लागतील. इतकी खाली नको की म्हातारीला वाकावे लागेल.

यातली एकेक गोष्ट पाहिली तर ती मजबुतीची कमी आणि दुसऱ्या माणसाची आठवण ठेवण्याची अधिक आहे. छज्जा पत्र लिहिणाऱ्यासाठी, उंची मुलासाठी, दोन हातांचे अंतर गाडी हाकणाऱ्यासाठी. पेटी उभी करणे हे गवंड्याचे काम खरे, पण ज्याच्या डोळ्यांपुढे ती वापरणारी माणसे नाहीत अशा गवंड्याला ते साधत नाही.

रस्त्यावरच्या या पेटीची कल्पना इंग्रजी मुलखात रुजवली ती एका कादंबरीकाराने, ही गोष्ट माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला सुखावते. अँथनी ट्रॉलप हा पोस्टात नोकरीला होता. चॅनेल बेटांची टपालव्यवस्था तपासायला त्याला पाठवले, तेव्हा पॅरिसमध्ये असतात तशा पेट्या येथे रस्त्यावर बसवाव्यात अशी सूचना त्याने केली, आणि १८५२ च्या नोव्हेंबरात जर्सी बेटावरच्या सेंट हेलियर गावात पहिल्या पेट्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी गर्न्सी बेटावर बसवलेल्या पेट्यांपैकी एक आजही वापरात आहे. त्याच १८५२ सालात आपल्याकडे सिंध प्रांतात बार्टल फ्रियर यांनी आशियातले पहिले टपाल तिकीट काढले, आणि १८५४ पासून हिंदुस्थानभर अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला. पेटी आणि तिकीट या दोन गोष्टी जोडीने जगात आल्या. तिकिटाने पत्र स्वस्त केले, पेटीने ते मोकळे केले.

मोकळे कसे, तेही पाहण्यासारखे आहे. पेटी नव्हती तेव्हा पत्र घेऊन कचेरीत जावे लागे, कोणाच्या तरी हाती ते द्यावे लागे. म्हणजे गावात कोण कोणाला लिहिते हे निदान एका माणसाला तरी ठाऊक होई. पेटीला डोळे नव्हते. घरच्या सुनेने माहेरी लिहिलेले पत्र, नोकराने गावी लिहिलेले पत्र, वडिलांना न सांगता मुलाने केलेला नोकरीचा अर्ज, हे सारे पेटीने कोणताही प्रश्न न विचारता पोटात घेतले. पुढे ट्रॉलपने १८६९ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या एका कादंबरीत अशी एक वृद्ध बाई रंगवली आहे, की तिचा या लोखंडी खांबांवर काडीचा विश्वास नाही. रस्त्यावरच्या खांबात टाकलेले पत्र मुक्कामी पोहोचेल हे तिला पटत नाही आणि ती आपली पत्रे मोठ्या कचेरीतच धाडते. आपल्याच सूचनेची अशी थट्टा करायला मन मोठे लागते. पण त्या बाईची शंका हास्यास्पद असली तरी पोकळ नव्हती. रस्त्यावर, रात्रंदिवस, राखणदारावाचून उभ्या असलेल्या वस्तूवर विश्वास का ठेवायचा?

या प्रश्नाला पहिले उत्तर दिले कायद्याने. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात पेटीसाठी खास कलमे होती. पेटीत किंवा पेटीला लागून विस्तव, काडी, दिवा, स्फोटक, घाण वा नासाडी करणारा पदार्थ ठेवील त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, असे ६२ वे कलम सांगत असे. परवानगीवाचून तिला काही चिकटवील, रंग वा डांबर फाशील, तिला विद्रूप करील त्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड, असे ६३ वे. ती यादी वाचताना वाटते, की कलम लिहिणाऱ्याने दिवाळीच्या दिवसांत कोणत्या तरी गल्लीत उभे राहून लवंगीची माळ हातात घेतलेला मुलगा प्रत्यक्ष पाहिला असावा! हा कायदा सव्वाशे वर्षे टिकला. त्याच्या जागी २०२३ चा नवा टपाल कायदा आला आणि तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. नव्या कायद्यात ही कलमे नाहीत. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस हा गुन्हा आहेच, त्यासाठी १९८४ चा वेगळा कायदा आहे. पण 'पेटीत काडी टाकू नकोस' असे नाव घेऊन सांगणारे वाक्य आता टपालाच्या कायद्यात उरलेले नाही.

मला त्याचे फारसे दुःख होत नाही. पेटीत लवंगी टाकणाऱ्या कोणत्या मुलाने ६२ वे कलम वाचले होते? त्याला थांबवले असेल ते गल्लीतल्या एखाद्या काकूंनी, 'अरे, कुणाचं पत्र असेल त्यात!' असे ओरडून. कायदा नंतर येतो. काकू आधी येतात. आणि काकूंच्या वाक्यात जे आहे ते कलमात नव्हते. कलम पेटीविषयी बोलत होते, काकू पत्राविषयी बोलत होत्या.

दुसरे उत्तर आहे ते लोखंडाचे. फोडतात काय? मग फुटणार नाही अशी पेटी करू! या उत्तराचे टोक कुठवर जाते ते अमेरिकेत दिसते. तिकडच्या खेड्यांत १८९६ पासून टपाल घरपोच जाऊ लागले, आणि प्रत्येक घराने आपली पेटी आपल्या खर्चाने रस्त्याच्या कडेला खांबावर बसवायची अशी रीत पडली. पोस्टमन मोटारीतून न उतरता पत्र टाकतो, म्हणून पेटी रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंचीवर हवी असे टपालखाते सांगते. रात्री धावत्या मोटारीतून हात बाहेर काढून अशा पेट्या चेंडूफळीच्या दांड्याने फोडीत जाणे हा तिकडच्या टवाळ पोरांचा जुना खेळ. हिवाळ्यात बर्फ लोटणारी यंत्रेही त्यांना आडवे करून जातात. घरमालक नवी पेटी बसवतो, ती मोडते. पुन्हा बसवतो, पुन्हा मोडते. शेवटी त्याचे डोके फिरते आणि तो लोखंड आणि सिमेंट घेऊन येतो.

ओहायो राज्यात एका घरमालकाने असेच केले. त्याची पेटी वारंवार मोडली होती. त्याने आठ इंच व्यासाचा लोखंडी नळ छत्तीस इंच खोल पुरला आणि त्यावर पेटी बसवली. टपालखात्याची शिफारस होती ती चार इंची लाकडी खांब किंवा दोन इंची नळ, आणि तोही चोवीस इंचांपेक्षा खोल पुरू नये अशी. ही शिफारस मुद्दाम होती. मोटार आदळली तर खांब वाकावा, मोटारीतला माणूस मोडू नये. २०१६ च्या डिसेंबरातल्या एका सकाळी रस्त्यावर न दिसणारे बर्फ गोठले होते. एका माणसाची गाडी घसरली, रस्ता सोडून त्या पेटीला घासली आणि उलटली. पेटी जागची हलली नाही. माणसाचे हातपाय कायमचे गेले. तो ना टवाळ पोर होता, ना त्याला पेटी फोडायची होती. कामाला निघालेल्या कोणाचीही गाडी घसरावी तशी त्याची घसरली होती. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली निकाल लागला, की रस्त्याने सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत ती पेटी नव्हती. ताबा सुटून रस्त्याबाहेर आलेल्या वाहनाची जबाबदारी घरमालकावर येत नाही.

निकाल कायद्याचा झाला. माझ्यापुढचा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. त्या घरमालकाला दुष्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याने सापळा रचला नव्हता, कोणाला धडा शिकवण्यासाठी खांब पुरला नव्हता. आपली वस्तू पुनःपुन्हा मोडावी आणि आपण दर वेळी निमूट नवी आणावी, हे किती दिवस चालावे? सोसण्यालाही मर्यादा असते. तरी पण मनाशी एक गोष्ट पक्की होते. मजबुती ही एका डोळ्याने पाहते. तिला समोरून येणारा शत्रू दिसतो. घसरलेला माणूस दिसत नाही. लोखंडाला हेतू कळत नाही. जो मारायला आला आणि जो पडत आला, दोघांनाही ते सारखेच लागते. म्हणून ज्याला आपल्या वस्तूचे रक्षण करायचे आहे त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही मोडणार नाही ना, हा पहिला. आणि चुकून हिच्यावर येऊन पडणाऱ्याचे काय होईल, हा दुसरा. पहिलाच प्रश्न विचारून जो थांबतो त्याच्या खांबात सिमेंटाबरोबर त्याचा रागही भरलेला असतो, आणि तो राग ज्याच्यावर होता त्यालाच जाऊन लागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

हे केवळ पेटीपुरते नाही. आपल्या सोसायटीच्या भिंतीवर लावलेल्या काचा चोराला अडवतात की नाही देव जाणे. भिंतीपलीकडे गेलेला चेंडू आणायला चढलेल्या पोराचा हात मात्र कापतात. घरात मुलांना शिस्त लावताना, शाळेत नियम करताना, जातपंचायतीत निवाडा देताना आपण किती वेळा टवाळाला डोळ्यांपुढे ठेवून खांब पुरतो आणि मग त्यावर एखादा घसरलेला जीव येऊन आपटतो!

लोखंड नको तर मग काय? याचे उत्तर शोधण्यासाठी पेटी फोडणाऱ्यांकडेच वळले पाहिजे, कारण सारे एका जातीचे नसतात. १९११ च्या डिसेंबरात एमिली डेव्हिसन या बाईने लंडनमध्ये रॉकेलात भिजवलेले कापड पेटवून टपालाच्या पेट्यांत टाकले. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून ती लढत होती आणि त्यासाठी तिने तुरुंग सोसला. १९४२ च्या आंदोलनात आपल्याकडेही पोस्टाच्या कचेऱ्या आणि पेट्या परकी सत्तेची खूण म्हणून लोकांच्या रागाला बळी पडल्या. १९५३ च्या फेब्रुवारीत एडिंबरा शहरात एक नवी कोरी पेटी स्फोटाने उडवण्यात आली. तिच्यावर 'दुसरी एलिझाबेथ' अशी राजमुद्रा होती आणि पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधी नव्हतीच, हा लोकांचा आक्षेप होता. या साऱ्यांना कारण होते. ते त्यासाठी शिक्षा भोगायला तयार होते. त्यांची तुलना बिनकारण दगड मारणाऱ्याशी करू नये. तरीही एक काटा उरतोच. राजमुद्रा सरकारची होती, पेटी सरकारची होती; आतली पत्रे कोणाची होती? एखाद्या आईने आजारी मुलाला लिहिलेले पत्र त्या न्याय्य आगीत जळाले असेल, तर तिला त्याचा हिशेब कोणी द्यायचा? हेतू कितीही उंच असो, उघड्या तोंडाच्या वस्तूवर घातलेला घाव प्रथम लागतो तो तिच्यावर विश्वास ठेवलेल्या तिऱ्हाइताला.

आयर्लंडने याहून वेगळी वाट काढली. १९२२ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी इंग्रज राजांच्या नावाच्या तांबड्या पेट्या उखडल्या नाहीत. त्यांना हिरवा रंग दिला आणि त्या आपल्याशा केल्या. जुन्या राजमुद्रा हिरव्या रंगाखाली आजही दिसतात. मला या रंगाच्या डब्यात एक मोठे तत्त्वज्ञान दिसते. वस्तू वाचते ती 'ती आमची आहे' असे म्हणणारी माणसे तिला मिळाली म्हणजे. आपल्या भाषेत 'सरकारी' हा शब्द आपण कसा उच्चारतो ते कान देऊन ऐकावे. सरकारी म्हणजे आपल्या सर्वांचे, असा त्याचा अर्थ १५ ऑगस्ट १९४७ पासून व्हायला हवा होता. पण अजूनही सरकारी म्हणजे कोणाचेच नव्हे, असाच त्याचा ध्वनी निघतो. पेटीवरचा रंग बदलण्याचे कारण नव्हते. शब्दाचा रंग बदलायचा राहून गेला.

तथापि 'आमची' म्हणण्याची रीत आपल्याला ठाऊकच नाही असे नाही. मढ-वेसाव्याचे कोळी डोल टाकतात. डोल म्हणजे पिशवीसारखे प्रचंड जाळे. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधायचे, त्याचे तोंड प्रवाहाकडे उघडे ठेवायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येऊ द्यायची. भर दर्यात ना कुंपण, ना दिवा, ना पहारेकरी. कोणाचा खुंट कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाने ठरलेले. तंटे होतात, नाही असे नाही, माणसे आहेत. पण तो रिवाज टिकतो याचे कारण सरळ आहे. ज्याने दुसऱ्याचा खुंट हलवायचा त्याचा स्वतःचाही एक खुंट त्याच पाण्यात उभा असतो.

त्याच गावाच्या टोकाला किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ साली मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला, आज तो हवाईदलाच्या ताब्यात आहे. बाहेरून तटबंदी शाबूत दिसते, आत पडझड झाली आहे. ज्यांच्या भीतीने भिंत बांधली ते शत्रू इतिहासजमा झाले, ज्यांच्यासाठी बांधली तेही गेले, भिंत उरली. किल्ला भक्कमपणाने राखला गेला आणि डोलीचा खुंट एकमेकांच्या भिडेने. पोस्टाच्या पेटीला किल्ल्यापेक्षा खुंट जवळचा आहे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वर्गाने मला शिकवले. आमच्या शाळेच्या वाटेवर एक पेटी आहे. मधल्या सुटीत पोरे चेंडू मारायची ती तिच्यावरच, कारण लोखंडाचा आवाज छान येतो. मराठीच्या तासाला पत्रलेखन असते. त्यात मायना शिकवतात, समाप्तीचा नमस्कार शिकवतात, पण पत्र कधी पेटीत पडत नाही, ते वहीतच मरते. एके वर्षी मी पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणली आणि सांगितले, प्रत्येकाने आपल्याच घरच्या पत्त्यावर आजीला किंवा आईला पत्र लिहा. सगळे मिळून गेलो आणि कार्डे पेटीत टाकली. त्या दुपारी नेहमीचा चेंडूचा आवाज आला नाही. खिडकीतून पाहिले तर एक मुलगी पेटीपुढे कमरेवर हात देऊन उभी होती आणि तिच्याहून दीड वीत उंच पोराला दरडावत होती, "मारू नकोस! माझं कार्ड हाय आत!" मी तिला पेटी राखायला सांगितले नव्हते. सार्वजनिक मालमत्तेवर नागरिकशास्त्राचा धडा मी चार वर्षे शिकवला होता, त्याने कोणाचा चेंडू थांबला नव्हता. आपले काहीतरी आत आहे, एवढ्या एका जाणिवेने तो थांबला.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, 'मास्तर, हे सारे ठीक. पण आता पत्र लिहितो कोण?' हरकत रास्त आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या टपालखात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. डेन्मार्कने तर चारशे वर्षांची पत्रसेवा २०२५ च्या अखेरीस संपवली आणि त्याआधीच रस्त्यावरच्या दीड हजार पेट्या काढायला घेतल्या. जिच्यात पत्र पडत नाही ती पेटी राखायची कशाला?

माझे म्हणणे असे, की डेन्मार्कने पेट्या काढल्या यात अनीती नाही. त्यांनी तारीख जाहीर केली, लोकांना सांगितले आणि पेटी उचलली. पेटी असते तेव्हा ती एक वचन असते. 'माझ्या पोटात टाकाल ते पुढे जाईल', एवढेच तिचे वचन. वचन देता येते, सांगून मागेही घेता येते. भयंकर गोष्ट तिसरीच आहे. ती म्हणजे रंग ताजा, खांब ताठ, तोंड उघडे, आणि कुलूप मात्र महिनोन्महिने कोणी उघडीत नाही. फुटलेली पेटी कोणाला फसवीत नाही. ती पाहून माणूस पुढच्या पेटीकडे जातो. न उघडली जाणारी धडधाकट पेटीच माणसाला फसवते. म्हणूनच अनेक ठिकाणी आता पेटीच्या आत बारकोड चिकटवलेला असतो, आणि पेटी उघडायला आलेल्या माणसाने तो फोनवर टिपल्यावरच ती उघडल्याची नोंद होते. युक्ती चांगली आहे. पेटीचे खरे रक्षण बाहेरच्या दगडापासून जितके करायचे, त्याहून अधिक आतल्या विसरण्यापासून करायचे असते, हे त्या युक्तीने ओळखले आहे.

आणि पत्रांच्या संख्येविषयी बोलायचे तर विहिरीवर किती घागरी भरल्या यावरून विहिरीचा न्याय होत नाही. शेवटच्या घागरीचे काय, हा प्रश्न असतो. ज्याला फोन हाताळता येत नाही, ज्याला कचेरीत जाऊन कोणाच्या तोंडाला लागायचे नाही, ज्याची तक्रार कोणाच्या नजरेस पडता नये, अशा एखाद्याच माणसासाठी पेटी उघडी असते. पेटीवर कॅमेरा बसवला तर लवंगी टाकणारा सापडेल. पण तो माणूस पुन्हा पेटीकडे फिरकणार नाही. राखण करताना आपण नेमके ज्याच्यासाठी राखतो त्यालाच हुसकावून लावणे, यासारखी दुसरी फजिती नाही.

तेव्हा पाया खोल घ्यावा, पण मरण ओढवील इतका नको. रंग दर वर्षी द्यावा. छज्जा पुढे काढावा. कुलूप नेमाने उघडावे. इतके खात्याचे काम झाले. राहिलेले काम तुमचेआमचे. या दिवाळीत पोस्टमनला पोस्त द्याल तेव्हा त्याच्याकडून चार कार्डेही मागवा. फराळाची ताटे उचलल्यावर घरातल्या सर्वांत लहान लिहित्या हाताला एक कार्ड द्या. पत्ता त्यालाच लिहू द्या, पिनकोडचे सहा आकडे सहा चौकटींत नीट भरू द्या, आणि त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत जा. कार्ड आत पडल्याचा हलकासा आवाज येतो, तो त्याला ऐकू द्या. उत्तर येईपर्यंतचे चार-आठ दिवस त्या पेटीला पहारेकऱ्याची गरज भासणार नाही.